उठून जाण्याची मुभा

“कुंकू नाही लावलं?”

अनोळखी बायांनी मला आयुष्यभर हा प्रश्न विचारला आहे. एसटीत, रिक्षाच्या रांगेत, नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानात, संक्रांतीला शेजारणीच्या दारात. गळ्यात मंगळसूत्र आणि कपाळ मोकळं, हे विचारणारीला जुळत नाही. आधी तिच्या डोळ्यांत काळजी येते, मग कुतूहल. आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांतल्या पुष्कळ जणी कुंकू लावत नाहीत. आमच्या घरात आई लावत नव्हती, आजीही नाही. चर्चमध्ये ज्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात, त्याची संधी मला कधी शोधावी लागली नाही. माझं कपाळ पाहून लोक स्वतःच विचारायचे. उत्तर मात्र ओठांवर यायचं नाही.

तरुणपणी माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असे. गाडीत चढण्याआधी एक टिकली लावायची आणि सोलापूर स्टेशनवर उतरलं की काढायची. लावली की कोणी काही विचारत नसे. रविवारी रंगभवनजवळच्या फर्स्ट चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडून मोठ्या आवाजात गाणारी मीच, सोमवारी डब्यात टिकली लावून खिडकीबाहेर बघत बसे.

पाळकसाहेब आम्हा तरुणांना सांगत, भिऊ नका, प्रभू तुमच्याबरोबर आहे. ते खरंच होतं. पण भीती नेमकी कशाची, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. मारहाणीची भीती फार कमी जणांना होती. आम्हाला एका शब्दाची भीती होती: बाटगे. शाळेत भांडण झालं की तो यायचा, नळावर पाण्यावरून वाद झाला की यायचा. त्या शब्दामागे एक अख्खी गोष्ट दडलेली असे. तुमचे आजे-पणजे भुकेले होते, मिशनने पेज दिली, तुम्ही देव बदलला, अशी ती गोष्ट. ती एका वाक्यात सांगून होते. तिला उत्तर द्यायचं तर तासभर लागतो, आणि तेवढं ऐकायला कोणी थांबत नाही.

सोलापूर हा दुष्काळाचा जिल्हा. 1876 ते 78 चा दुष्काळ, पुन्हा 1896-97 चा आणि लगेच 1899-1900 चा. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1860 च्या दशकातच इथं सुरू झालं होतं. दुष्काळात मिशनच्या लोकांनी अन्न दिलं, पोरकी मुलं सांभाळली, शाळा काढल्या. माझी पणजी अशीच एक पोरकी मुलगी. आजी सांगायची, तिला स्वतःचं गावही नीट सांगता येत नव्हतं. ती ख्रिस्ती झाली ती पेजेमुळे की विश्वासामुळे, हे मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, सात-आठ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारणंच क्रूर आहे. ती पुढे साठ वर्षं जगली. पेज देणारे केव्हाच गेले होते, तरी ती रोज पहाटे प्रार्थना करायची. त्या साठ वर्षांकडे बघायला हवं, असं मला वाटतं.

तरीही त्या टोमण्यात एक खरा प्रश्न आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी तो टाळू नये, असं माझं मत वयाबरोबर पक्कं होत गेलं आहे. ऐकणाऱ्याला उठून जाता येत होतं का, हा तो प्रश्न. भुकेल्याला पंगतीतून उठून जाता येत नाही. सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मापासूनच चोर ठरवलं, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं जाई. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पडायचं नाही. त्या वसाहतीच्या कारभारात काही काळ मिशनचाही हात होता. तिथं काम केलेल्या माणसांच्या मनात दया होती, कष्ट होते, हे मला मान्य आहे. मुलं शिकली, हातांना काम मिळालं. पण तारेच्या आत उभं राहून सांगितलेल्या सुवार्तेत काहीतरी अडतं. ऐकणाऱ्याला फाटकापर्यंत चालत जाऊन बाहेर पडता येत नसेल, तर त्याचा होकार किती खरा हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. तो कायदा 1952 मध्ये गेला. प्रश्न माझ्यापुरता उरला, कारण मी परिचारिका झाले.

रुग्णालयातल्या वॉर्डात खाटेवर पडलेल्या माणसाइतका परस्वाधीन माणूस दुसरा नाही. सलाईनची नळी हातात, नातेवाईक बाहेर, आणि जी बाई इंजेक्शन देणार तिचं मन राखायला तो धडपडत असतो. मी काहीही बोलले असते तरी त्यानं मान डोलावली असती. म्हणून नोकरीच्या सगळ्या वर्षांत, अंगावर पांढरा गणवेश असताना, मी आपणहून येशूचं नाव काढलं नाही. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटत नसे. “एवढी माणसं रोज तुझ्या हाताखालून जातात,” असं ते म्हणत. मला मात्र माझ्या हातात असलेली सुईच आड येते असं वाटे. कुणी स्वतः म्हणालं, “सिस्टर, तुम्ही प्रार्थना करता ना, माझ्या लेकरासाठी करा,” तर मी खाटेशी उभी राहून करत असे, हळू आवाजात, दोन वाक्यांची. तेवढं मागण्याचा हक्क त्या आईला होता.

ती भीती होती का? वॉर्डातलं माझं गप्प राहणं आणि गाडीत टिकली लावून गप्प बसणं वरून सारखंच दिसतं. आतून दोन्ही अगदी वेगळी आहेत. वॉर्डात मी समोरच्या माणसाचा विचार करत होते. गाडीत फक्त स्वतःचा. हा फरक लक्षात आल्यावर माझ्यापुरती वाट सापडली. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे गप्प राहावं. ज्याला येतं, त्याच्यापुढे घाबरायचं कारणच काय? त्याला नको असेल तर तो जाईल, किंवा तोंड फिरवून झोपेल.

रेल्वेचा डबा ही त्यासाठी फार चांगली जागा आहे. सगळ्यांनी आपापली तिकिटं काढलेली असतात, प्रत्येकाचं स्टेशन ठरलेलं असतं, आणि कोणी कोणाचं देणं लागत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याचा सगळ्यात मोठा माणूस याच जागेत घडला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. 1893 साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावरून. पुढे धर्मावर आलं. उतरण्याआधी त्या गृहस्थानं टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते अगदीच अशक्य वाटलं. पण वाचण्याचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या गृहस्थाचं नाव खात्रीनं सांगता येत नाही. टिळकांनाही कळलं नाही. मी त्या अनामिक माणसाचा फार विचार करते. राज्य गोऱ्यांचं होतं, हे खरं. पण समोर बसलेला चित्पावन पंडित त्याच्या दबावाखाली येणारा नव्हता. वाद घालायला समर्थ होता, पुस्तक खिडकीबाहेर टाकायला मोकळा होता. आणि देणारा आपल्या स्टेशनवर उतरून गेला. पुढे काय झालं हे बघायला तो पुन्हा आला नाही. टिळकांनी अभंग लिहिले, मिशनच्या ‘ज्ञानोदया’तून लिहिलं, ‘ख्रिस्तायन’ हे काव्य सुरू केलं, यातलं त्याला बहुधा काहीच कळलं नसेल. आपण बोललो त्याचं फळ आपल्याला दिसलंच पाहिजे, हा हट्ट त्याला नव्हता.

माझ्या भीतीचं मूळ मला त्या माणसाच्या गोष्टीत सापडलं. समोरच्या माणसाचं काय होणार याची सगळी जबाबदारी मी स्वतःवर घेऊन बसले होते. तो हसला तर मी हरले, तो चिडला तर प्रभूचं नाव माझ्यामुळे खाली गेलं, तो गप्प राहिला तर माझं बोलणं अपुरं पडलं. एवढं ओझं घेऊन कोणाला तोंड उघडता येईल? त्याचं मन हा त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे. माझ्याकडे आहे ते माझ्यावर गुदरलेलं, माझ्या आयुष्यात आलेलं. ते खरं सांगावं आणि थांबावं.

टिळकांच्या घरात तरी काय झालं? लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 सालचा, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधला काळ ताटातुटीचा, सोवळ्या-ओवळ्याचा, रडण्याचा. त्या बदलल्या त्या स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेला, आणि ते सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या मोकळेपणानं लिहिलं आहे, तशी साक्ष मराठीत दुसरी नाही. हिंदू घरांतही ते पुस्तक प्रेमानं वाचलं जातं. टिळक तर शेवटी, 1917 मध्ये, मिशनच्या चौकटीबाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

हे सगळं मनात घेऊन शुभवर्तमानं पुन्हा वाचली, तेव्हा आधी न दिसलेली एक गोष्ट ठिकठिकाणी दिसू लागली. येशू माणसांना जाऊ देतो. श्रीमंत तरुण येतो, विचारतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशूचं त्याच्यावर प्रेम होतं असं मार्क स्पष्ट लिहितो, पण येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करत नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो उरलेल्या बाराजणांनाच विचारतो की तुम्हालाही जायचंय का. शोमरोनी बाईशी तर तो विहिरीवर बोलतो, भर दुपारी, आणि सुरुवात करतो पाणी मागून. ज्या जातीच्या हातचं पाणी त्याच्या लोकांना चालत नसे, तिच्याकडे. देणारा म्हणून तो समोर आला नाही, तहानलेला म्हणून आला. आमच्या जिल्ह्यात पाणी आणि जात या दोन्हींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विहिरीवर चढू न दिलेल्या माणसांची आम्ही पणतवंडं. या गोष्टीवर प्रवचन चाललं की आमच्या मंडळीत म्हाताऱ्या बायका ताठ बसतात.

आणि ज्या पौलाला आपण धैर्याचा मेरुमणी समजतो, तो करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तो थरथरत आलो. इफिसकरांना तर तो विनंती करतो की मला निर्भयपणे बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. भीती नसलेल्या माणसानं अशी विनंती केली नसती.

टिकल्यांचं पाकीट मी केव्हा बंद केलं, ते नेमकं आठवत नाही. एक प्रवास मात्र आठवतो. पुण्याला निघाले होते. मोहोळच्या आसपास शेजारी बसलेल्या म्हातारीनं माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, “मालक हाईत न्हवं, बाई?”

“आहेत, मावशी. आमच्यात कुंकू लावत नाहीत. आम्ही ख्रिस्ती.”

“किरिस्ताव व्हय?” ती थोडी सरकून बसली, लांब नव्हे, जवळ. कान जरा जड होते तिचे. “मंग तुमचा देव काय सांगतो?”

एवढा सरळ प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. पाठ केलेली वचनं सुचली नाहीत. मला वॉर्डातल्या रात्री आठवल्या. मी तिला सांगितलं की माझ्या हातांवर लहान लेकरं गेली आहेत, आणि अशा एका रात्री देव आहे की नाही असं मला झालं होतं. तेव्हा शास्त्रातली एकच गोष्ट उपयोगी पडली. आमचा प्रभू त्याच्या मित्राच्या कबरीकडे जाताना रडला होता. आपण त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला. रडणारा देव असेल तर मला त्याच्याशी बोलता येईल, असं वाटलं. म्हणून मी त्याची झाले, जन्मानं होतेच, पण त्या रात्री खरी झाले.

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमचा बी जनीसंगं दळाय बसतो.” आणि मग तिनं तिच्या विठ्ठलाचं सांगितलं, तिचा थोरला लेक गेला त्या वर्षीची वारी सांगितली. मी ऐकलं. दोन्ही देव एकच, असं मी म्हटलं नाही आणि तीही म्हणाली नाही. तिला तिचा विठ्ठल पुरेसा होता, मला माझा प्रभू. माझा विश्वास मी पातळ केला नाही आणि तिच्या विश्वासाला कमी लेखलं नाही. या दोन गोष्टी एकत्र करता येतात, हे मला त्या डब्यात कळलं. कुर्डुवाडीला ती पंढरपूरच्या गाडीसाठी उतरली. उतरताना म्हणाली, “बरं वाटलं गं बोलून.” माझ्या मनातून किती वर्षांचं काय उतरलं, ते मलाच माहीत. केडगाव मागे पडताना पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची आठवण झाली, आणि वाटलं, या मार्गावर याआधी किती बायका आपापल्या देवाविषयी बोलत गेल्या असतील.

सगळेच असे भेटत नाहीत. एका कॉलेजच्या मुलानं हातातला मोबाइल खाली न ठेवता सांगितलं, “काकू, मला यात इंटरेस्ट नाही.” मी म्हटलं, ठीक आहे बाळा. मग आम्ही त्याच्या परीक्षेविषयी बोललो. मला वाईट वाटलं नाही. त्यानं मला खरं उत्तर दिलं होतं, जे वॉर्डातल्या खाटेवरून मला कधीच मिळालं नसतं.

आणि ऐकून घेऊन दुसरीकडे गेलेला सगळ्यात थोर माणूस आमच्याच गावात येऊन गेला आहे. हिंदू धर्म सोडण्याच्या येवल्यातल्या 1935 च्या घोषणेनंतर सगळे धर्म बाबासाहेब आंबेडकरांची वाट बघत होते. 1 जानेवारी 1938 रोजी ते सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. तो वृत्तांत पुढच्याच महिन्यात त्यांच्या ‘जनता’ पत्रात आला. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर किती प्रभाव आहे, हे त्यांनी सांगितलं. आणि लगेच ख्रिस्ती समाजाला खडसावलं: दक्षिणेकडच्या चर्चमध्ये जात पाळली जाते, समाजावरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही बोलत नाही, राजकारणात तुम्ही मागे आहात. 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. मला वाटतं, ख्रिस्त त्यांनी समजून घेतला होता. कमी पडले ते ख्रिस्ताविषयी सांगणारे आम्ही. ते भाषण आमच्या प्रत्येक मंडळीत वर्षातून एकदा वाचलं जावं. आपण तोंडानं काय सांगतो याआधी लोक आपलं काय बघतात, हे त्यात आहे. चर्चमध्ये लग्न जुळवताना आजही जात विचारली जाते. ती विचारणाऱ्यानं डब्यात सुवार्ता सांगण्याची घाई करू नये.

आता कायद्याचं. आजकाल तरुण मुलं मला विचारतात, मावशी, बोललो तर गुन्हा होईल का? त्यांची काळजी खोटी नाही. कुठं प्रार्थनासभेवर जमाव गेला, कुठं तक्रार झाली, अशा बातम्या येतात. मी त्यांना सांगते की राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. घटना समितीत 6 डिसेंबर 1948 ला त्या एका शब्दावर जोरात वाद झाला. लोकनाथ मिश्रांनी विरोध केला, कन्हैयालाल मुनशींनी शब्द राहू द्या म्हणून बाजू मांडली, आणि तो राहिला. पुढे 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. पुष्कळ ख्रिस्ती लोकांच्या तो निकाल जिव्हारी लागला. मला त्याचं तितकं वाईट वाटत नाही, कारण माणसाचं मन मी पालटू शकते असं मी मानतच नाही. माझी काळजी वेगळी आहे. माणसाला उठून जायची जेवढी मुभा हवी, तेवढीच येऊन बसायचीही हवी. एखादी बाई स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत आली, तर तिच्या पायांवर विश्वास ठेवायला हवा. तिला कोणीतरी फसवलं असेल असंच धरून चालणं, हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

मंडळीतल्या तरुणांना माझं सांगणं आहे. पैसा, औषध, नोकरी, शाळेचा प्रवेश, यांतलं काहीही तुमच्या हातात असेल तेव्हा तोंड बंद ठेवा आणि फक्त मदत करा. हात रिकामे असतील, समोरचा बरोबरीचा असेल आणि त्यानं विचारलं, तर टिकली लावून खिडकीबाहेर बघू नका. खरं तेवढं सांगा. मग त्यालाही विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.

आणि तुम्ही, जे ख्रिस्ती नाही आहात आणि गाडीत कधीतरी माझ्या शेजारी बसाल, तुम्हाला कपाळाचं विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. मला राग येत नाही. ऐकायचं नसेल तर तसं म्हणा. आपण पिकांवर बोलू, लेकरांवर बोलू, नाहीतर तुम्ही खुशाल झोपा. तुमचं स्टेशन आलं की मी उठवीन.